काळे आधी की कावळे? डेटाबेसमधून आलेल्या ओळी क्रमाने लावताना

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, शिकताना ओळी मागवणारा सिलेक्ट आणि त्यांतल्या हव्या त्याच निवडणारा व्हेअर या दोघांना भरपूर वेळ दिला जातो आणि ओळींचा क्रम ठरवणारा ऑर्डर बाय जाता जाता उरकला जातो. एका ओळीचं तर काम, त्यात काय शिकायचं, असं वाटतं. पण दुसऱ्या पानावर पहिल्याच पानावरची नावं पुन्हा येतात, कधीही न फिरकलेले सभासद ‘नुकतेच येऊन गेलेले’ म्हणून यादीच्या डोक्यावर बसतात, काळे आणि कावळे यांची जागा चुकते. अशा तक्रारींचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा याच एका ओळीपाशी येऊन थांबावं लागतं. म्हणून ती इथे सावकाश घेऊ. सगळ्या लेखात एकच सूत्र धरून चालायचं आहे: डेटाबेस तुम्ही सांगाल तेवढाच क्रम पाळतो. जे सांगितलं नाही त्याची हमी तो देत नाही.

उदाहरणं पोस्टग्रेस-एसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसची आहेत. तो मोफत मिळतो, आणि मराठी मजकुराचा क्रम लावायची चांगली सोय त्यात तयारच असते. मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर हे दुसरे डेटाबेस वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना सिलेक्ट, फ्रॉम, ऑर्डर बाय हे एसक्यूएलचे शब्द आणि सगळे आकडे इंग्रजी अक्षरांत टाका. टेबलाचं आणि रकान्यांचं नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवा. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट तिन्ही ते स्वीकारतात, अवतरणचिन्हंही लागत नाहीत.

आधी टेबल बनवून घ्या

एका छोट्या वाचनालयाची सभासद यादी घेऊ. आठच ओळी आहेत, त्यामुळे प्रत्येक आज्ञेनंतर काय बदललं ते डोळ्यांनी पडताळता येईल.

```
क्रिएट टेबल सभासद (
  क्रमांक इंटिजर प्रायमरी की,
  आडनाव टेक्स्ट,
  नाव टेक्स्ट,
  गाव टेक्स्ट,
  वर्गणी इंटिजर,
  शेवटची_भेट डेट
);

इन्सर्ट इंटू सभासद व्हॅल्यूज
(१, 'काळे', 'सुनंदा', 'वाई', ५००, '२०२५-०१-१२'),
(२, 'कावळे', 'राजेंद्र', 'पाचगणी', ३००, नल),
(३, 'हजारे', 'मीना', 'वाई', ५००, '२०२४-११-०३'),
(४, 'क्षीरसागर', 'अनिल', 'भुईंज', १०००, '२०२५-०२-२०'),
(५, 'काशीद', 'वैशाली', 'वाई', ३००, '२०२४-०६-१५'),
(६, 'काळभोर', 'दत्ता', 'पाचगणी', ५००, नल),
(७, 'खरात', 'प्रमोद', 'भुईंज', ३००, '२०२५-०१-१२'),
(८, 'काटकर', 'शुभांगी', 'वाई', ५००, '२०२४-१२-२८');
```

आता क्रमाबद्दल काहीही न सांगता सगळ्या ओळी मागवा:

```
सिलेक्ट क्रमांक, आडनाव फ्रॉम सभासद;
```

१ ते ८ अशा ओळीने नोंदी येतील. इथेच नवशिक्याची समजूत होते की नोंदी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने त्या कायम येणार. आता ही आज्ञा द्या:

```
अपडेट सभासद सेट गाव = 'वाई' व्हेअर क्रमांक = १;
```

सुनंदा काळे यांचं गाव आधीही वाईच होतं, म्हणजे माहितीत तसूभरही फरक पडलेला नाही. तरी मघाचीच सिलेक्ट पुन्हा चालवून बघा. क्रमांक १ ची ओळ आता सर्वांत शेवटी, ८ च्या खाली आलेली दिसेल. कारण पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ जागच्या जागी खोडून लिहीत नाही. तो ओळीची नवी प्रत लिहितो आणि जुनी निकामी झाल्याची खूण करून ठेवतो. वाचताना त्याला ओळी ज्या जागी सापडतील त्या जागांच्या क्रमाने तो त्या देतो.

ही पोस्टग्रेसची खोड नव्हे, तत्त्वच तसं आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत मांडली, तिच्यात टेबल म्हणजे ओळींचा संच असतो, आणि संचात पहिला-दुसरा असं काही नसतं. ऑर्डर बाय नसेल तर कुठलाही क्रम बरोबरच, असं एसक्यूएलच्या प्रमाणातही धरलेलं आहे. आज ओळी नीट आल्या म्हणून उद्या येतीलच असं नाही. एखादा इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) नवीन बनला, ओळी वाढल्या, सर्व्हरची आवृत्ती बदलली, एवढ्यानेही क्रम बदलू शकतो. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी याचा मोठा अनुभव घेतला. तिथे ५.७ आवृत्तीपर्यंत ग्रुप बाय (सारख्या किमतीच्या ओळींचे गट पाडणारा भाग) लावलं की निकाल आपोआप त्याच रकान्याच्या क्रमाने यायचा. ८.० मध्ये ही वागणूक काढून टाकली, आणि तिच्यावर विसंबलेल्या अहवालांचा क्रम बिघडला.

एका रकान्यावर क्रम

```
सिलेक्ट आडनाव, वर्गणी फ्रॉम सभासद ऑर्डर बाय वर्गणी;
```

नुसतं ऑर्डर बाय लिहिलं की क्रम चढता असतो: आधी ३००, मग ५००, शेवटी १०००. उतरता हवा असेल तर रकान्याच्या नावापुढे डीईएससी ही चार अक्षरं लावायची. चढत्यासाठी एएससी आहे, पण ते न लिहिलं तरी चालतं. आज्ञेत ऑर्डर बायची जागा व्हेअर आणि ग्रुप बाय यांच्यानंतर आणि लिमिटच्या (किती ओळी हव्यात ते सांगणाऱ्या भागाच्या) आधी.

ज्या रकान्यावर क्रम लावायचा तो निकालात दाखवलाच पाहिजे असं नाही. फक्त डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) वापरलं असेल तर पोस्टग्रेस तशी सक्ती करतो, आणि ते योग्यही आहे. ‘वाई’च्या चार ओळींची एक ओळ झाल्यावर त्या एका ओळीचा क्रम चारपैकी कुणाच्या वर्गणीवर ठरवायचा?

रकान्याच्या नावाऐवजी त्याचं निकालातलं स्थानही देता येतं, म्हणजे ‘ऑर्डर बाय २’. हाताने पटकन काही बघायचं असेल तर ठीक आहे. जपून ठेवायच्या आज्ञेत हे लिहू नका. पुढे कुणी सिलेक्टमध्ये मधेच एक रकाना घातला की क्रम गुपचूप दुसऱ्याच गोष्टीवर लागतो आणि चूक झाल्याचा कसलाही संदेश येत नाही.

दोन-तीन रकान्यांवर क्रम

```
सिलेक्ट गाव, वर्गणी, आडनाव फ्रॉम सभासद
ऑर्डर बाय गाव, वर्गणी डीईएससी, क्रमांक;
```

हे डावीकडून उजवीकडे वाचायचं. आधी गावाप्रमाणे. एकाच गावातल्यांत जास्त वर्गणीवाले आधी. वर्गणीही सारखी असेल तर क्रमांकाप्रमाणे. दुसरा रकाना फक्त पहिल्यातली बरोबरी सोडवतो, तिसरा फक्त पहिल्या दोघांतली.

डीईएससी ज्या रकान्यामागे लिहिलं त्यापुरतंच लागू असतं. ‘ऑर्डर बाय गाव, वर्गणी डीईएससी’ यात गाव चढत्या क्रमानेच राहतं. दोन्ही उतरते हवे असतील तर दोन्हीकडे लिहावं लागतं.

बरोबरी आणि पानं

वरच्या आज्ञेत शेवटी क्रमांक का घातला, हे नीट समजून घ्या, कारण चालू संकेतस्थळांवर सर्वांत जास्त आढळणारी चूक इथे आहे. समजा सभासद यादी पानापानांनी दाखवायची आहे, एका पानावर तीन नावं:

```
सिलेक्ट क्रमांक, आडनाव, वर्गणी फ्रॉम सभासद
ऑर्डर बाय वर्गणी डीईएससी लिमिट ३ ऑफसेट ०;
```

ऑफसेट म्हणजे सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या. दुसऱ्या पानासाठी ऑफसेट ३, तिसऱ्यासाठी ६. पहिल्या पानावर १००० रुपयांचे क्षीरसागर येणार हे नक्की. पण त्यांच्यामागे ५०० रुपयेवाले चौघे आहेत: काळे, हजारे, काळभोर, काटकर. त्यांतले दोघे पहिल्या पानावर आणि दोघे दुसऱ्या पानावर जाणार. कोणते दोघे कुठे, हे आपण सांगितलेलंच नाही. प्रत्येक पान ही डेटाबेसच्या दृष्टीने स्वतंत्र आज्ञा असते, आणि दोन आज्ञांत तो बरोबरीच्या ओळी वेगवेगळ्या तऱ्हेने लावू शकतो. लिमिट छोटी असली की पोस्टग्रेस सगळ्या ओळी लावत बसत नाही, हव्या तेवढ्या वरच्या ओळी तेवढ्या निवडून काढतो. लिमिट मोठी असली तर पद्धत बदलते. बरोबरीच्या ओळी मूळ क्रमात राखण्याची हमी यांतली एकही पद्धत देत नाही. मग एक नाव दोन्ही पानांवर दिसतं आणि दुसरं एकाही पानावर दिसत नाही. ज्याचं नाव गळलं त्याला सगळी पानं चाळूनही ते सापडत नाही, आणि डेटाबेसमध्ये शोधावं तर ओळ जागच्या जागी असते.

उपाय एका शब्दाचा आहे:

```
ऑर्डर बाय वर्गणी डीईएससी, क्रमांक लिमिट ३ ऑफसेट ०;
```

क्रमांक कधीच दोघांचा सारखा नसतो, त्यामुळे आता बरोबरी उरतच नाही. पानं अशी पडतात: ४, १, ३. मग ६, ८, २. मग ५, ७. कितीही वेळा चालवा, हीच. यादी पानांत तोडायची असेल तर ऑर्डर बायच्या शेवटी प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख असलेला रकाना, इथे क्रमांक) घाला, ही सवयच लावून घ्या. मी तर कुणाची आज्ञा तपासायला आली की लिमिट दिसताच आधी तिच्या अलीकडचा शेवटचा रकाना बघतो.

कधीकधी बरोबरी तोडणंच अन्यायाचं असतं. ‘सर्वाधिक वर्गणीचे पहिले तीन’ असा फलक लावायचा आणि ५०० रुपये देणाऱ्या चौघांपैकी दोघांचीच नावं लिहायची, हे बरं दिसत नाही. त्यासाठी लिमिटऐवजी हे वापरा:

```
ऑर्डर बाय वर्गणी डीईएससी फेच फर्स्ट ३ रोज विथ टाइज;
```

यात तिसऱ्या क्रमांकाशी बरोबरी असलेले सगळे येतात, म्हणजे आपल्या टेबलात एकूण पाच ओळी. पोस्टग्रेसमध्ये ही सोय १३ व्या आवृत्तीपासून आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप विथ टाइज तेच काम करतं. इथे मात्र प्रायमरी की जोडायची नाही, नाहीतर बरोबरीच संपते आणि तीनच ओळी येतात.

रिकाम्या जागा कुठे जातात

कोण अलीकडे येऊन गेलं ते बघू:

```
सिलेक्ट आडनाव, शेवटची_भेट फ्रॉम सभासद
ऑर्डर बाय शेवटची_भेट डीईएससी;
```

सर्वांत वर क्षीरसागर अपेक्षित होते, ते २० फेब्रुवारीला आले होते. पण वर दिसतात कावळे आणि काळभोर, ज्यांची भेटीची तारीख नोंदलेलीच नाही. पोस्टग्रेस आणि ओरॅकल नलला, म्हणजे न भरलेल्या जागेला, सगळ्या किमतींपेक्षा मोठं धरतात, म्हणून चढत्या क्रमात तो तळाशी जातो आणि उतरत्यात डोक्यावर येतो. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट नेमकं उलट, सगळ्यांत लहान धरतात. एका डेटाबेसवर लिहिलेला कार्यक्रम (प्रोग्रॅम) दुसऱ्यावर नेला की हा फरक हमखास अंगावर येतो.

यातलं काय बरोबर हे पाठ करण्यापेक्षा स्पष्ट लिहून टाकावं:

```
ऑर्डर बाय शेवटची_भेट डीईएससी नल्स लास्ट, क्रमांक;
```

आता क्षीरसागर, काळे, खरात, काटकर, हजारे, काशीद, आणि मग तारीख नसलेले कावळे व काळभोर. नल्स फर्स्ट आणि नल्स लास्ट पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूलाइट (३.३० पासून) ओळखतात. मायएसक्यूएलमध्ये ते चालत नाही. तिथे ‘ऑर्डर बाय शेवटची_भेट इज नल, शेवटची_भेट डीईएससी’ असं लिहायचं. ‘इज नल’चं उत्तर तारीख असलेल्यांसाठी ० आणि नसलेल्यांसाठी १ येतं, त्यामुळे तारीखवाले आपोआप आधी लागतात.

मजकूर म्हणून साठवलेले आकडे आणि तारखा

दाखल क्रमांक टेक्स्ट रकान्यात भरले असतील तर क्रम १, १०, ११, २, २० असा येतो, कारण मजकुराची तुलना एकेक अक्षराने होते. रकाना इंटिजर करणं हा खरा इलाज. ते हातात नसेल तर ‘ऑर्डर बाय कास्ट(दाखल_क्रमांक ॲझ इंटिजर)’. आकडे देवनागरीत भरले असतील तर पोस्टग्रेसचा कास्ट चूक दाखवून थांबतो. आधी ट्रान्सलेट या फंक्शनने दहाही आकडे इंग्रजी करून घ्या आणि मग कास्ट करा.

तारखेचंही तेच. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष असं लिहायची रीत आहे, आणि तो मजकूर जसाच्या तसा लावला तर सगळ्या वर्षांतल्या १ तारखा एकत्र, मग २ तारखा एकत्र अशी यादी होते. तारीख डेट प्रकारातच साठवा. आधीच मजकुरात अडकली असेल तर टू_डेट फंक्शनने तिचं रूपांतर करून त्यावर क्रम लावा.

आता काळे आणि कावळे

मराठी नावांचा क्रम हा विषय बहुतेक शिकवण्यांत येतच नाही, कारण त्या इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या असतात. पण मतदार यादी असो, वर्गाचा हजेरीपट असो की सोसायटीचं रजिस्टर, आपल्याला रोज लागणारी गोष्ट हीच आहे. हे चालवा:

```
सिलेक्ट आडनाव फ्रॉम सभासद ऑर्डर बाय आडनाव कोलेट "सी";
```

येणारा क्रम: काटकर, काळभोर, काळे, कावळे, काशीद, क्षीरसागर, खरात, हजारे.

मराठी शाळेत वर्णमाला शिकलेल्या कुणालाही इथे दोन ठिकाणी खटकेल. ळ आपल्याकडे ह नंतर येतो, म्हणजे काळभोर आणि काळे हे कावळे-काशीदच्या पुढे हवेत. आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी, म्हणजे क्षीरसागर हजारेंच्याही नंतर.

असं का झालं? कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना कोणत्या नियमाने करायची ते. ‘सी’ या कोलेशनला भाषा ठाऊक नाही, तो फक्त अक्षरांचे साठवलेले बाइट बघतो. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत) देवनागरीचा तक्ता अनेक भाषांसाठी मिळून एकच आहे, आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. क्ष हे तर युनिकोडच्या लेखी स्वतंत्र अक्षरच नाही. तो साठवला जातो क, हलंत आणि ष अशा तीन तुकड्यांत. तक्त्यात हलंत सगळ्या व्यंजनांच्या आणि काना-मात्रांच्या नंतर येतो, म्हणून क्षीरसागर ‘कौ’च्या पुढे आणि ‘ख’च्या अलीकडे जाऊन बसतात.

पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचा (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह) आधार घेता येतो, आणि त्यात मराठीचे स्वतःचे नियम आहेत. तुमच्या सर्व्हरवर ते आहेत का, हे आधी बघा:

```
सिलेक्ट कोलनेम फ्रॉम पीजी_कोलेशन व्हेअर कोलनेम लाइक 'एमआर%';
```

‘एमआर’ ही मराठीची दोन अक्षरी खूण, इंग्रजी लहान अक्षरांत टाका. यादीत एमआर-एक्स-आयसीयू हे नाव दिसलं की काम झालं:

```
सिलेक्ट आडनाव फ्रॉम सभासद
ऑर्डर बाय आडनाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू", नाव, क्रमांक;
```

आता क्रम येतो: काटकर, कावळे, काशीद, काळभोर, काळे, खरात, हजारे, क्षीरसागर. कोलेशनच्या नावाला दुहेरी अवतरणचिन्हं लागतात, कारण त्यात आडव्या रेघा आहेत.

हा क्रम आपल्याला नवा नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला तो ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो, आणि विसाव्या खंडाचा शेवट ‘ज्ञेयवाद’ने होतो. म्हणजे अनुस्वार सुरुवातीला आणि ज्ञ अखेरीस. एवढी वर्षं छापील कोशांनी जे सांभाळलं ते आपल्या संगणकावरच्या यादीतही असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यासाठी लागतो एक शब्द, कोलेट.

प्रत्येक आज्ञेत तो लिहायचा कंटाळा येत असेल, आणि येतोच, तर रकान्यालाच कायमचा लावून टाका:

```
ऑल्टर टेबल सभासद
ऑल्टर कॉलम आडनाव टाइप टेक्स्ट कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू";
```

यापुढे नुसतं ‘ऑर्डर बाय आडनाव’ लिहिलं तरी मराठी क्रम लागेल. नव्या टेबलात तर क्रिएट टेबलमध्येच हे लिहून घ्यावं. ‘अ-२’, ‘अ-१०’ असे कपाटांचे किंवा सदनिकांचे क्रमांक असतील तर आयसीयूचं आणखी एक कोलेशन स्वतः बनवता येतं. क्रिएट कोलेशन आज्ञेत लोकेल (भाषेची आणि तिच्या नियमांची खूण) म्हणून ‘एमआर-यू-केएन’ दिलं की मजकुरातले आकडे आकड्यांसारखे मोजले जातात आणि अ-२ हा अ-१० च्या आधी येतो.

बाकीच्यांची स्थिती थोडक्यात. मायएसक्यूएल ८.० मध्ये अनेक भाषांची कोलेशनं आहेत, मराठीचं नाही. एसक्यूलाइट मुळात बाइटच बघतो. त्यात स्वतःचं कोलेशन कार्यक्रमातून जोडावं लागतं. या दोन्हींवर काम करत असाल तर नावाशेजारी क्रमासाठी वेगळा रकाना ठेवा, नोंद भरताना कार्यक्रमातच आयसीयूकडून नावाची क्रम-किल्ली (बाइट बघून लावली तरी योग्य क्रम देणारी खूण) बनवून त्यात साठवा, आणि ऑर्डर बाय त्या रकान्यावर लावा.

एक सावधगिरी. कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशा नावांतला ‘ऱ्’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेने साठवतात. कुणी खास ऱ हे अक्षर वापरतो, कुणी र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने साध्या तुलनेत ती दोन वेगळी नावं ठरतात, आणि यादीत शेजारी यायला हवेत ते दोघे लांब पडू शकतात. मराठी माहिती भरून घेत असाल तर साठवण्याआधी एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच करून घ्या.

अक्षरांचा नव्हे, तुमचा क्रम

काही गोष्टींचा क्रम ना आकड्यांत असतो ना अक्षरांत. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ हे महिने वर्णानुक्रमे लावून काहीच उपयोग नाही. दोन-तीनच किमती असतील तर केस पुरतो:

```
ऑर्डर बाय केस गाव व्हेन 'वाई' देन १ व्हेन 'पाचगणी' देन २ एल्स ३ एंड, आडनाव, क्रमांक;
```

महिन्यांसारखी मोठी यादी असेल तर तिचं वेगळं टेबल करून त्यात ‘अनुक्रम’ रकाना ठेवा आणि जॉइन करून (दोन टेबलं जोडून) त्यावर क्रम लावा. उद्या क्रम बदलायचा झाला तर टेबलातला आकडा बदलायचा, आज्ञा शोधत हिंडायचं नाही.

क्रम कुठे हरवतो

आतल्या सिलेक्टमध्ये किंवा व्ह्यूमध्ये (नाव देऊन जपून ठेवलेल्या सिलेक्टमध्ये) लावलेला ऑर्डर बाय बाहेरच्या निकालाला बांधील नसतो. तो टिकल्यासारखा दिसतो, आणि मग एखादा जॉइन जोडला की जातो. सर्वांत बाहेरच्या आज्ञेवर ऑर्डर बाय लिहिला तरच तो धरून चाला. युनियनने दोन याद्या जोडताना शेवटचा ऑर्डर बाय जोडलेल्या संपूर्ण यादीला लागतो, दुसऱ्या अर्ध्याला नव्हे.

यादी मोठी झाल्यावर

आठ ओळींत वेगाचा प्रश्न नाही. आठ लाखांत येतो. आज्ञेच्या पुढे ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ लिहून चालवा, म्हणजे पोस्टग्रेस काय करतो ते कळतं. ‘सॉर्ट मेथड’ या ओळीत क्विकसॉर्ट असेल तर काम मेमरीत झालं. ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि पुढे डिस्क दिसलं तर मेमरी पुरली नाही म्हणून डिस्कवर तात्पुरती फाइल लिहावी लागली. या मेमरीची मर्यादा वर्क_मेम ही सेटिंग ठरवते आणि ती मुळात ४ एमबी असते. ती वाढवता येते, पण जपून. ही मर्यादा प्रत्येक सॉर्टला वेगळी मिळते, त्यामुळे शंभर जण एकाच वेळी जोडलेले असतील तर हिशोब झपाट्याने वाढतो.

त्याआधी इंडेक्सचा विचार करा. बी-ट्री इंडेक्समध्ये ओळी आधीच क्रमाने लावलेल्या असतात:

```
क्रिएट इंडेक्स ऑन सभासद (वर्गणी डीईएससी, क्रमांक);
```

आता वर्गणीची पहिली पन्नास नावं काढायला सगळं टेबल लावायची गरज नाही, इंडेक्सच्या टोकापासून पन्नास नोंदी वाचल्या की झालं. इंडेक्समधले रकाने आणि त्यांच्या दिशा ऑर्डर बायशी जुळायला हव्यात. सगळ्याच दिशा उलट्या असतील तरी चालतं, इंडेक्स उलटा वाचता येतो. कोलेशनही जुळायला हवं: एका कोलेशनवर बांधलेला इंडेक्स दुसऱ्या कोलेशनच्या ऑर्डर बायला उपयोगी पडत नाही. म्हणूनही ते रकान्यालाच लावून ठेवणं सोयीचं. आणि मोठा ऑफसेट महाग असतो हे लक्षात असू द्या. ऑफसेट १०००० म्हटलं की दहा हजार ओळी वाचून टाकून द्याव्या लागतात. मोठ्या यादीत मागच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीची किंमत लक्षात ठेवून व्हेअरने ‘त्याच्या पुढचे’ मागवणं जास्त चांगलं.

लिनक्सवर सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी एक इशारा. पोस्टग्रेसचं कोलेशन कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या) ग्रंथालयावर अवलंबून असेल आणि ते ग्रंथालय बदललं, तर मजकुरावरचे जुने इंडेक्स नव्या क्रमाशी विसंगत होतात. लिनक्सच्या अशा ग्रंथालयाच्या, ग्लिबसीच्या, २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत असाच मोठा बदल झाला. अशा सुधारणेनंतर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करून (पुन्हा बांधून) घ्यावेच लागतात. आयसीयूची आवृत्ती बदलली तरी हेच.

क्रम वापरणाऱ्याने निवडायचा असेल तर

संकेतस्थळावर रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की त्याप्रमाणे यादी लागावी, अशी मागणी लवकरच येते. व्हेअरमध्ये किंमत देण्यासाठी जागाधारक (आज्ञेत सोडलेली जागा, जिच्यात किंमत नंतर वेगळी भरली जाते) वापरायची सवय असल्याने नवे लोक ऑर्डर बायमध्येही जागाधारक ठेवून त्यात ‘आडनाव’ पाठवतात. चूक येत नाही आणि क्रमही लागत नाही. कारण डेटाबेसला रकाना मिळालेला नसतो, ‘आडनाव’ हा मजकूर मिळालेला असतो. तो प्रत्येक ओळीसाठी सारखाच, म्हणजे सगळ्या ओळी बरोबरीच्या.

मग काही जण वैतागून वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर थेट आज्ञेत चिकटवतात. हे अजिबात करू नका, एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्या कुणी स्वतःची आज्ञा घुसवण्याला, ते उघडं दार आहे. कार्यक्रमात एक छोटा तक्ता ठेवा: ‘नाव’ आलं तर ‘आडनाव, नाव, क्रमांक’. ‘वर्गणी’ आलं तर ‘वर्गणी डीईएससी, क्रमांक’. ‘भेट’ आलं तर ‘शेवटची_भेट डीईएससी नल्स लास्ट, क्रमांक’. तक्त्यात नसलेलं काहीही आलं तर ठरलेला एक क्रम लावायचा. वापरणाऱ्याने पाठवलेल्या शब्दाचा उपयोग फक्त तक्त्यातली ओळ शोधण्यापुरता करा, आणि आज्ञेत जाऊ द्या ते तुम्ही स्वतः लिहिलेलंच.